समोरासमोरची दारं

“दारं समोरासमोर काढा. सकाळी शेड उघडलं की भावाला भावाचं तोंड दिसलं पाहिजे. मग भांडलात तरी दुपारपर्यंतच भांडाल.”

हे सांगताना बाबांना धाप लागत होती, तरी बोट वर होतंच. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलांनी सांगितल्याप्रमाणे दारं काढली आणि तो आवाज आईच्या कानात राहून गेला. सकाळची प्रार्थना पुरी होईपर्यंत आई कुणाशी बोलत नसे. या घरात लग्न करून आली तेव्हापासूनचा तिचा नेम. बोलणं बंद असलं की माणसाला ऐकू फार येतं. गेलेल्यांचंही आणि स्वयंपाकघरातल्यांचंही.

आज स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, माणसांचा येत नव्हता. हे लक्षण काही बरं नव्हतं.

कोंबड्यांची दोन्ही शेडं रिकामी होती. एरवी या घराची रीतच अशी की शेडं रिकामी झाली की घर भरायचं. पक्षी गेले, त्यांच्याखालची भुशाची गादी उपसून झाली, भिंतींना चुना मारून झाला, की पुढची पिल्लं येईपर्यंत दोघे भाऊ आणि दोघांच्या बायका जुन्या घरात एका टेबलाशी जेवत. पक्षी आत असताना मात्र अंगण ओलांडायचं नाही. अंगणाच्या अलीकडे थोरल्याचं शेड आणि हे जुनं घर. पलीकडे धाकट्याचं शेड आणि त्याच्यामागे त्याच्या दोन खोल्या. ज्याचे पाय त्याच्या शेडात, हाही बाबांचाच नियम.

या खेपेला घर भरलं होतं, पण भरल्यासारखं वाटत नव्हतं.

थोरली सून कांदा चिरत होती. त्यात एक सोय असते, डोळ्यांना कुणी कारण विचारत नाही. मागच्या दारानं धाकटी आत आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

“जाऊबाई, काही करू का?”

“बस आधी. तू काम केलंस तरी बोलतील, बसलीस तरी बोलतील. मग बसूनच ऐकून घे.”

धाकटी बसली आणि बसल्या बसल्या लसूण सोलायला लागली.

“काल रात्री परत विचारलं मला यानं,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “खरं सांग म्हणाला, गेली होतीस ना पलीकडे? चहाला?”

“मलाही विचारलं. तुझ्या दिरांनी तोंड उघडून विचारलं नाही. नुसते माझ्या चपलांकडे बघत बसले. त्यापेक्षा विचारलेलं परवडतं.”

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि मग हसू थांबलं. आजार पहिल्यांदा आला तेव्हा आधी थोरल्याच्या शेडात पक्षी शिंकायला लागले, त्यांचे घसे घुरघुरायला लागले, आणि पाठोपाठ धाकट्याच्या शेडात तेच. दोघा भावांनी विचार करून ठरवलं की हे जावांच्या चहामुळे झालं. दुपारचा चहा दोघी एकत्र घ्यायच्या, कधी इकडे, कधी तिकडे. झालं, चहा बंद. त्यानंतर पक्ष्यांची अख्खी एक बॅच होईपर्यंत दोघी आपापल्या दारात उभ्या राहून चहा प्यायल्या, फोन कानाला लावून, अंगणापलीकडून एकमेकींचं तोंड बघत. ‘आज तू साखर जास्त घातलीस,’ असंही थोरली फोनवर सांगायची, धाकटीनं चमचा किती वेळ ढवळला ते बघून. आणि तरीही दुसऱ्यांदा तेच झालं. आधी थोरल्याकडे, मग धाकट्याकडे. आता बोट दाखवायला पाय उरले नव्हते, तरी बोट काही खाली येत नव्हतं.

“मला पक्ष्यांचं वाईट वाटतं तेवढंच याचंही वाटतं,” थोरली म्हणाली. “इतक्या वर्षांत माझ्या शब्दाचा कुणी वास घेऊन बघितला नव्हता.”

“अगं बाई! दोघी एकाच खोलीत?” आत्या आत आली. बाबांची बहीण. ती सहा महिने थोरल्याकडे राहायची, सहा महिने धाकट्याकडे, आणि बारा महिने दोघांच्याही भानगडीत. “पोलीस बोलावू का पंच?”

“आत्याबाई, पाय पुसून आत या. नाहीतर आजार येईल,” धाकटी म्हणाली.

“माझ्या पायांना आजार चिकटला तर तोच मरेल,” असं म्हणून आत्यानं खुर्ची ओढली. ती काहीही करायची ते आवाज करून. खुर्ची ओढायची, दार लावायची, पाणी प्यायची, अगदी गप्प बसायची तरी सगळ्यांना कळायचं. पण आज तिची नजर थोडी चुकार होती. ती धाकटीकडे बघायची आणि लगेच खिडकीकडे.

तेवढ्यात ताई धावतच आली. ताई म्हणजे दोघा भावांच्या मधली, घरची एकुलती लेक. कोंबड्यांची डॉक्टर. आजारी पक्ष्यांची तपासणी तिनेच करवून आणली होती आणि दोन दिवस ती दोन्ही रिकाम्या शेडांतून भिंतींना हात लावत, पंख्यांकडे बघत फिरत होती. तिच्या हातात आता रंगाच्या डब्यासारखा एक डबा होता.

“चला सगळ्या. आई कुठाय?”

“प्रार्थनेत. अजून झाली नाहीये तिची. बोलणार नाही,” थोरली म्हणाली.

“तिनं बोलायचं नाहीये. बघायचंय. आत्ता जसा हवाय तसा वारा आहे, तो बदलायच्या आत चला.”

आईनं हातातली माळ मुठीत धरली आणि लेकीच्या मागून निघाली. नेम न बोलण्याचा होता, न चालण्याचा नव्हता.

*

धाकटा आपल्या शेडाच्या दाराशी उभा होता. समोर, अंगणाच्या पलीकडे, दादा आपल्या दाराशी. मध्ये धुतलेलं, कोरडं पडलेलं अंगण.

लहानपणी त्याला वाटायचं की दादाचं तोंड बघितल्याशिवाय दिवस उजाडतच नाही. पुढे शेडं झाली, तेव्हाही ती गंमत राहिली होती. दादा सकाळी दार सताड उघडून फावड्यानं गादी खालीवर करायचा आणि तिथूनच ओरडायचा, ‘काय हो धाकटे शेठ, उठलात का?’ हा इकडून ओरडायचा, ‘तुमची धूळ खाऊन नाश्ता झाला!’ रोज तेच, आणि रोज दोघांना तेवढंच हसू यायचं.

पण या बॅचच्या शेवटी शेवटी त्यानं दार उघडायचं बंद केलं होतं. आत शिरलं की अंधारात ती घुरघुर ऐकू यायची, शेकडो गळ्यांतून एकदम, पाणी उकळावं तशी. मेलेले पक्षी उचलून तो बाहेर आला की समोर दादा. दादाचा तो प्रश्न, ‘कसंय?’ आणि त्या प्रश्नामागचा दादाचा पडलेला चेहरा. आपला आजार याच्याकडे गेला, हे दादाला खात होतं, आणि दादाला ते खातंय हे धाकट्याला खात होतं. असं समोरासमोर उभं राहून किती दिवस काढायचे? त्यानं एक गोष्ट ठरवली होती, ती अजून बायकोलाही सांगितली नव्हती. आज जेवताना सांगायची.

“दादा, पंखे लाव!” ताई ओरडली. “आणि तू तुझेही लाव रे!”

थोरल्याच्या शेडाचे मोठे पंखे दाराच्या दोन्ही बाजूंना होते. आतली कोंदट हवा ते बाहेर फेकायचे. धाकट्याच्या शेडाचे पंखे मागच्या टोकाला होते. पुढे, दाराच्या दोन्ही बाजूंना, पाण्यानं भिजणारे जाळीदार पॅड होते, तिथून गार हवा आत ओढली जायची. दोन्हीकडे घरघर सुरू झाली. ताई थोरल्याच्या शेडात गेली, धूर सोडणारा तो डबा पेटवून पंख्यांच्या आत ठेवला आणि बाहेर येऊन कडेला उभी राहिली.

पंख्यांतून पांढरा धूर बाहेर आला. सगळ्यांना वाटलं, आता वर जाईल, पांगेल. तो वर गेला नाही. पंख्यांनी त्याला पुढे ढकललं, आणि अंगणाच्या मध्यावर आल्यावर पलीकडच्या पॅडांनी त्याला ओढून घेतलं. जाड दोर सोडावा तसा धूर अंगण ओलांडून सरळ गेला आणि धाकट्याच्या भिंतीत शिरला.

“अगं बाई,” आत्या म्हणाली, “हा तर जेवायला बोलावल्यासारखा आत गेला!”

कुणी हसलं नाही. धाकटा दार उघडून आत गेला. धूर पॅडांमधून जमिनीलगत उतरत होता, पक्षी जिथे बसतात बरोबर तेवढ्या उंचीवर, आणि दोन्ही भिंतींच्या कडेनं लांबवर चालला होता. याच दोन कडांना आधी शिंका सुरू झाल्या होत्या. मधल्या वाटेवर, जिथे त्याचे रोजचे पाय पडायचे, तिथले पक्षी सगळ्यात शेवटी आजारी पडले होते. त्याच्या हे लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ लागला नव्हता. तो खोकत बाहेर आला.

“धूर दिसतो म्हणून दिसला,” ताई सांगत होती. पंखे बंद झाले होते, तरी ती ओरडूनच बोलत होती. “पक्षी असताना धूळ असते. पिसांची, गादीची, वाळलेल्या विष्ठेची. ती दिसत नाही, पण जाते अशीच. आजार तिच्यावर बसून जातो.”

“आणि आम्ही दारात बूट मोजत बसलो,” थोरला म्हणाला.

“बूट बदलायचेच आहेत दादा, ते काही चुकलं नाही. पण वारा काही बूट घालून येत नाही.”

थोरला आपल्या पंख्यांकडे वळला. पंखे बसवायला आलेल्या माणसानं तेव्हा सांगितलं होतं, पंखे मागच्या टोकाला घ्या. थोरल्यानंच ऐकलं नव्हतं. बटणं दाराशी हवीत, दार भावासमोर हवं, मग पंखेही इकडेच असू देत. येता जाता त्यांच्याकडेही लक्ष राहील आणि समोरच्याकडेही. केवढ्या मायेनं बसवले होते ते पंखे! त्याच मायेनं तो रोज सकाळी दार उघडून गादी ढवळायचा.

जावांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीनं नवऱ्याकडे बघत आपल्या पायांतल्या चपला काढून, झटकून, पुन्हा घातल्या. तेवढं थोरल्याला पुरलं. त्यानं मान खाली घातली.

आई वळली आणि राहिलेली प्रार्थना पुरी करायला घरात गेली.

*

टेबलावर ताईनं दोन ताटं पालथी घातली. ही दोन शेडं. पंख्यांच्या जागी चमचे ठेवले.

“आत्ता असं आहे. दादा श्वास सोडतो तो हा घेतो. आपल्याला करायचंय असं.” तिनं थोरल्याच्या ताटापुढचे चमचे उचलून मागे नेले. “श्वास दोघांनी एकाच अंगणातला घ्यायचा. सोडायचा मात्र आपापल्या पाठीमागे. मागे शेतं आहेत, कुणाचं शेड नाही. तिथे पंख्यांपासून जरा लांब झाडांची दाट रांग लावायची, धूळ अडवायला.”

“झाडं काय उद्या वाढणार आहेत?” आत्यानं विचारलं.

“तोवर पंख्यांपुढे वरती तोंड असलेला आडोसा करू. हवा वर फेकली जाईल. गादी उपसायची ती मागच्या बाजूनं आणि वारा बघून. आणि मुख्य म्हणजे दोन्ही शेडं एकदम भरायची, एकदम रिकामी करायची. एकीकडे म्हातारे पक्षी आणि दुसरीकडे कोवळी पिल्लं, असं नको.”

“म्हणजे माझी पिल्लं थांबवायची?” धाकट्यानं विचारलं. “दादाचं काम होईपर्यंत?”

“हो.”

“आणि मग आजार येणारच नाही?” हे थोरल्यानं विचारलं.

“तसं कोण सांगेल दादा? वारा आहे तो, माझ्या पगारावर नाही. पण आज तू जे स्वतःच्या हातानं वाढून देतोयस ते तरी थांबेल.”

थोरल्यानं ताटाकडे पाहिलं. मग एका बोटानं ताटाची कड दाबत विचारलं, “पंखे मागे गेले, तर पुढे काय?”

“पुढे पॅड. याच्यासारखे. पूर्ण भिंतभर.”

“आणि दार?”

“दार बुजवून तिथे भिंत येईल. याचंही. दोघांनी जायची यायची वाट बाजूनं करायची, एक उजवीकडून, एक डावीकडून.”

“पंखे फिरवतो,” थोरला म्हणाला. “झाडं लावतो. आडोसा करतो. दार नाही.”

“दादा, उघडं दार असलं की धूळ तिथूनच आत...”

“बाबांनी माझा हात धरून सांगितलंय. दार नाही.”

“मग राहू दे,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, म्हणूनच सगळ्यांनी माना वर केल्या. “काहीच हलवू नकोस दादा. पंखेही नको. मी जातोय इथून. जागा बघितली आहे. तयार शेड आहे, भाड्यानं. मी शब्द दिलाय, उद्या चावी घ्यायची आहे.”



पहिली धाकटी बोलली. “चावी? कुठली चावी? मला विचारलंस का तू?”

“सांगणारच होतो.”

“सांगणार होतास! माझ्या पायांची चौकशी रात्ररात्र केलीस, आणि स्वतःचे पाय कुठे चाललेत ते मला टेबलावर कळतंय, सगळ्यांबरोबर?”

“बरोबर बोलतेय ती,” थोरली म्हणाली. आजवर ती दिराला असं कधी तोडून बोलली नव्हती. मग ती नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही? दार नाही म्हणे! दार धरून बसा. दारापायी भाऊ चाललाय तो दिसत नाही का?”

“मी काय त्याला जा म्हटलं?”

“राहा तरी कुठे म्हटलंत?”

“भांडू नका वहिनी,” धाकटा म्हणाला. “दादाचा काही दोष नाही. लांब गेलो तर निदान गोडीनं राहू. आत्या म्हणाली तेच खरं.”

“आत्या?” ताईनं विचारलं.

आता सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या चमच्यांची जागा बदलत होती.

“जागा आत्याच्याच दिराची आहे,” धाकटा म्हणाला. “तिनंच बोलणं केलं.”

“आत्या!” थोरला उठून उभा राहिला. “तू? माझ्या घरात जेवून?”

“तुझ्या घरात सहा महिने जेवते, त्याच्याकडे सहा महिने. हिशेब सारखाच आहे,” आत्या म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा भिंतीवर आपटला नाही. “काय करू मग? दार बंद करून बसायला लागला हा. तू दारात उभा राहून त्याच्या बंद दाराकडे बघायला लागलास. मी खिडकीतून दोघांना बघते. माझं नि माझ्या भावाचं जन्मात भांडण झालं नाही, का? तर मला लांब दिली होती. वाटलं, तसंच होईल तुमचं. भांडण बघण्यापेक्षा अंतर बघितलेलं बरं.”

“आमचं भांडण झालंय असं कुणी सांगितलं?” थोरल्यानं विचारलं.

“झालेलं नव्हतं, म्हणूनच तर घाई केली!”

धाकट्याला हसू आवरलं नाही. ते इतकं अवेळी आलं की त्याला खोकल्याचं सोंग करावं लागलं. थोरल्यानं ते बघितलं आणि त्याच्याही ओठांचा कोपरा हलला. मग दोघांनीही रागावल्यासारखं दुसरीकडे बघितलं.

प्रार्थना संपवून आई आली होती. ती कधीची दारात उभी होती कोण जाणे. तिनं माळ कोनाड्यात ठेवली, टेबलाशी आली, पालथी ताटं बघितली.

“दार बुजवून टाक,” ती थोरल्याला म्हणाली. आजच्या दिवसातला तिचा हा पहिला शब्द होता.

“आई, बाबांनी...”

“मला पाठ आहे रे ते. रोज ऐकते मी. तोंड दिसावं म्हणून त्यांनी दार मागितलं होतं, दार दिसावं म्हणून नव्हे. ते गेले तेव्हा असे पंखे नव्हते. त्यांना माणसं कळायची, वारा कळायचा नाही. आज सकाळी माझ्याशेजारी उभे असते, तर थापी घेऊन तेच पुढे झाले असते.”

थोरल्यानं टेबलावरचा एक चमचा उचलला.

“तोंडं बघायला इथे या,” आई पुढे म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की आत्यानंसुद्धा श्वास रोखला. “रोज संध्याकाळी. पक्षी असले तरी आणि नसले तरी. काय करून यायचं ते ही सांगेल.”

“अंघोळ करून, डोकं धुऊन, घरचे कपडे, घरच्या चपला,” ताई म्हणाली. “आणि इथून परत थेट आपापल्या खोलीत, शेडात नाही. मग हरकत नाही.”

“दुपारचा चहा?” धाकटीनं विचारलं.

“दिवसाचं शेडातलं काम सुरू असताना नाही. संध्याकाळी घ्या की, हवे तेवढे कप.”

“मी डोकं रोज धुवीन,” थोरली म्हणाली. “फोनवरचा चहा गार होतो.”

थोरला धाकट्याजवळ गेला. हातातला चमचा त्यानं त्याच्यापुढे ठेवला, ताटाच्या मागच्या बाजूला. “पंखे उद्यापासून खोलतो. दारही. तुझी पिल्लं तेवढी थांबव. राहशील?”

धाकट्यानं चमचा उचलला, पुन्हा ठेवला. राहायचं त्याला केव्हापासूनच होतं. “राहीन रे. पण मी शब्द दिलाय दादा. त्या माणसानं माझ्यासाठी दुसऱ्या दोघांना नाही म्हटलंय. आता कुठल्या तोंडानं जाऊ?”

“तुझ्या तोंडाचं काय काम आहे तिथे?” आत्या म्हणाली. “जोडलं मी, मोडायला मीच जाईन.”

“तू नको!” तीन भावंडं एकदम म्हणाली.

“का नको?”

“तू भांडून येशील आत्या,” ताई म्हणाली. “चूक आपली आणि ऐकून घ्यायचं त्यांनी, असं होईल.”

“मागे त्यांच्या घरी जेवायला गेलीस तर त्यांना त्यांच्याच घराबाहेर काढलं होतंस,” थोरला म्हणाला.

“उकडत होतं, म्हणून बाहेर बसा म्हटलं होतं!” आत्या तडकली, आणि लगेच स्वतःच थांबली. सगळे हसत होते. धाकटीसुद्धा, जी अजून नवऱ्याकडे बघत नव्हती. आत्यानं आईकडे पाहिलं. “वहिनी, तुझ्यासमोर शब्द देते. आवाज चढवणार नाही. चूक झाली म्हणेन. ते बोलतील ते ऐकून घेईन आणि परत येईन.”

“चूक झाली म्हणाल? तुम्ही?” थोरलीनं विचारलं.

“म्हणेन.”

“आत्ता म्हणून दाखवा.”

“आत्ता कशाला? तुमच्यावर खर्च करू होय?”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची प्रार्थना चालू होती. अंगणातून थोरल्याचा पाना नटावर घसरल्याचा आवाज येत होता आणि धाकटा शिडी धरून त्याला सल्ले देत होता. ‘उलटा फिरव दादा.’ ‘मला कळतं.’ ‘कळतं तर फिरव ना.’ थोरलीच्या खोलीत अजून जावांची कुजबुज होती. धाकटी काल रात्री इकडेच झोपली होती, नवऱ्याला तेवढी शिक्षा हवीच म्हणून.

आत्यानं बाहेर जायचे कपडे घातले. पिशवीच्या दोऱ्या जोरात ओढायची सवय, पण आज तिनं पिशवी हळूच उचलली. खुर्ची ओढली नाही, उभ्या उभ्याच पाणी प्यायली. दाराची कडी तिनं दोन्ही हातांनी धरून सरकवली. या घरात ती कडी न वाजता कधी उघडली होती, हे तिलाही आठवेना.

डोळे मिटलेले असूनही आईला ते कळलं. जिथे नेहमी धाडकन आवाज व्हायचा तिथे आज काहीच झालं नव्हतं. तिनं माळेचा मणी पुढे सरकवला आणि ज्या ओळीत घरच्यांसाठी मागणं होतं तिथे नणंदेसाठी एक जास्तीचं मागून घेतलं.

आत्या अंगणाच्या कडेनं, भिंत धरून, दोघा भाच्यांच्या पाठीमागून गेली. त्यांनी बघितलं असतं तर कुणीतरी सोबत निघालं असतं आणि सोबत कुणी असलं की तिचा आवाज आपोआप चढायचा. रस्त्याला लागल्यावर तिनं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

“आमची चूक झाली,” ती पुटपुटली. ते फारच हुकूम सोडल्यासारखं आलं.

तिनं घसा साफ केला. “भावजी, चूक माझी आहे. पोराला बोल लावू नका.” हे जरा बरं होतं, पण ‘लावू नका’ला धार होती. वळणापर्यंत तिनं ते दोनदा बदललं. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि ओठांतल्या ओठांत तेच वाक्य मऊ करत करत, पुढे चालू लागली.